माणदेशचे डोंगर आणि आपले घोंगडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस ज्ञातीच्या मूळ प्रदेशाविषयी लिहिण्याची सूचना केली, ती आम्ही आनंदाने मान्य केली. ज्ञातीच्या मेळाव्यात तरुण मंडळी हटकून एक प्रश्न विचारतात : आपण सनगर मूळचे कोठले? या प्रश्नास आजवर दिली गेलेली उत्तरे बहुधा दोन प्रकारची असत. एक उत्तर पुराणात जाई, दुसरे एखाद्या राजकुळात. दोन्ही ऐकावयास गोड आहेत. पण आपले पूर्वज सकाळी उठून कोणते काम करीत, त्यांस कच्चा माल कोठून मिळे, आणि त्यांच्यापैकी कित्येक सोलापुरास का आले, यांपैकी एकाही गोष्टीचा उलगडा त्यांतून होत नाही. म्हणून आम्ही येथे देवादिकांपासून आरंभ न करता एका डोंगरापासून करीत आहोत. आमचे म्हणणे इतकेच की, आपला धंदा हे सुपीक भूमीचे देणे नसून पावसाने पाठ फिरविलेल्या मुलखाचे अपत्य आहे; आणि तो मुलूख नीट समजल्यावाचून आपले घोंगडेही समजावयाचे नाही.

महाबळेश्वराच्या उत्तरेस सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून एक रांग फुटते आणि पूर्वेस व आग्नेयेस पसरत जाते. हीच महादेवाची डोंगररांग. उत्तरेस नीरा-भीमेचे खोरे आणि दक्षिणेस कृष्णेचे खोरे यांना विभागणारा हा बांध आहे. या रांगेत कुळकजाईजवळ, सीतामाईच्या डोंगरात, माण नदी उगम पावते. तिला लोक आदराने माणगंगा म्हणतात. दहिवडी, गोंदवले, म्हसवड, दिघंची असा प्रवास करीत ती सांगोल्याच्या मुलखात उतरते आणि पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ भीमेस मिळते. या नदीच्या दोन्ही अंगांचा जो प्रदेश तो माणदेश. आजच्या सरकारी विभागणीत तो सातारा, सांगली व सोलापूर या तीन जिल्ह्यांत वाटला गेला आहे : माण तालुका व खटावचा काही भाग साताऱ्यात, आटपाडी सांगलीत, आणि सांगोला व माळशिरसचा डोंगराळ भाग आपल्या सोलापुरात. जिल्ह्यांच्या सीमा माणसांनी कागदावर आखल्या आहेत. भाषा, पीक, देव आणि सोयरीक यांनी मात्र हा सारा मुलूख एकच मानला आहे.

महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेस दहिवडी-म्हसवडकडे यावे, तो पावसाचा आकडा पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पलीकडच्या बाजूस केवळ वारा येऊन पोचतो. यास भूगोलाच्या पुस्तकांत पर्जन्यछाया म्हणतात. छाया हा शब्द एरव्ही किती सुखद. पण या एका ठिकाणी तो उन्हाचाच दुसरा अर्थ होऊन बसला आहे. जो पाऊस येतो तोही बेभरवशाचा. वळवाची एखादी सर, मृगाची आशा, मग दीर्घ उघडीप, आणि शेवटी उत्तरा-हस्ताचा परतीचा पाऊस, असा त्याचा क्रम. परतीचा पाऊस लागला तर रब्बीची ज्वारी पदरात पडते, न लागला तर वर्ष गेले.

जमिनीची स्थितीही पावसासारखीच विषम आहे. हे डोंगर काळ्या कातळाचे, माथ्यावर सपाट आणि अंगाने पायऱ्या-पायऱ्यांचे. त्यांच्या उतारावर मुरूम, आणि मुरमावर चार बोटे माती. तेथे बाजरी, मटकी, हुलगा एवढेच पिकावयाचे. नदीकाठच्या पट्ट्यात काळी जमीन आहे, तेथे ज्वारी व करडई. जसजसे पूर्वेस मंगळवेढ्याकडे जावे तसतशी काळी माती दाट होत जाते आणि ज्वारीस तोड राहत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ या वाणाने या पट्ट्याचे नाव दूरवर नेले आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि हा झाला डोंगराचा पायथा. खुद्द डोंगराने शेतकऱ्यास हात आखडूनच दिले आहे.

पण निसर्ग एका हाताने आखडतो तेव्हा दुसरा हात अगदीच रिता ठेवीत नाही. ज्या मुरमाड उतारावर नांगर चालत नाही तेथे थोड्याशा पावसानेही गवत उठते. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते या माळांवर आपोआप वाढतात. मधूनमधून बाभूळ, हिवर, बोर व तरवड. हे गवत उंच होत नाही, दाट होत नाही, परंतु त्यात कस असतो. या माळांवरील चारणीच्या आणि निवडीच्या बळावरच खिलार जात निपजली. आटपाडी महालाचे खिलार आणि म्हसवडचे खिलार यांची ख्याती एके काळी साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात होती. पांढरे, सडसडीत, लांब शिंगांचे, पाऊल उचलताच धावावयास लागणारे हे बैल ज्यांनी जोपासले ते थिलारी धनगर. खरसुंडीच्या यात्रेत आणि सांगोल्याच्या बाजारात या जनावरांचे सौदे चालत. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे दिवस फिरले हे खरे. पण खिलाराची उंची आणि चाल पाहिली की हा मुलूख दरिद्री होता असे म्हणावयास जीभ रेटत नाही.

आपल्या विषयाशी ज्या प्राण्याचा थेट संबंध तो मात्र मेंढी होय. दख्खनी मेंढी दिसावयास सामान्य, बांध्याने बेताची, रंगाने बहुधा काळी. काश्मीरची किंवा परदेशची मेंढी जशी मऊ लोकर देते तशी ही देत नाही. हिची लोकर जाडी-भरडी, केसांची मिसळ असलेली, आणि तीही वर्षाकाठी एका मेंढीमागे अर्ध्या किलोच्या आसपास. व्यापाऱ्याच्या तराजूत हा माल हलका ठरतो. परंतु दिवसभर दगडधोंड्यांतून चालणे, कुसळे अंगावर घेणे, उन्हात तापणे आणि वळवात भिजणे हे सारे सोसून टिकणारी लोकर हीच. जी मेंढी ज्या हवेत जगली तिची लोकर त्याच हवेत माणसाच्या कामी आली, यात नवल ते काय?

धनगर वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. त्यापूर्वी मेंढ्या ओढ्यात घालून धुतात, म्हणजे माती व काटे निघून जातात. कातरलेल्या लोकरीचे रंगाप्रमाणे वेगळे ढीग पडतात : काळी, पांढरी, करडी. कोकराची पहिली लोकर ती जावळ; ती सर्वांत मऊ, आणि जावळाच्या घोंगड्याचा मान निराळा. नंतर लोकर पिंजून, चरख्यावर तिचे सूत काढावयाचे. हे काम बहुतांशी स्त्रियांचे. धनगरणी सूत काढीत आणि आपल्या घरच्या बायाही काढीत. आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहिताना विणकराचे नाव पुढे येते, पण एका घोंगड्याला लागणारे सूत काढण्यात जे दिवस जात त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही, हे येथे नमूद करणे आम्हांस अवश्य वाटते.

पुढचे काम आपले. भल्या पहाटे गल्लीत ताणा लावावयाचा. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ कुंचल्याने त्या ताण्यावर फिरवावयाची आणि ऊन चढण्याच्या आत सूत सारखे करून घ्यावयाचे. खळीने सूत कडक होते, तंतू बसतात, आणि मागावर तुटत नाही. मग जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर मागावर बसतो, एका हाताने धोटा फेकतो, दुसऱ्या हाताने फणी ओढतो. या मागास ना गिरणीचा गोंगाट ना विजेची गरज. मात्र पाठ आणि गुडघे यांवर तो आपला कर वसूल करून घेतो. विणून उतरलेल्या घोंगड्यास पुन्हा खळ देऊन ताणून वाळवीत. नवे घोंगडे इतके कडक असे की ते उभे राहील असे विनोदाने म्हणत. वापराने ते मऊ होते, आणि चांगले जपले तर मुलाच्या हाती जाते.

मराठी भाषेस या वस्तूने एक वाक्प्रचार दिला आहे, तो सर्वांच्या तोंडी आहे : भिजत घोंगडे. अर्थ सर्वांस ठाऊक. मूळ फार थोड्यांस. लोकरीत अंगचा तेलकटपणा असल्याने घोंगड्यावर पावसाची सर पडली तर पाणी ओघळून जाते. म्हणूनच गुराखी डोक्यावर त्याची खोळ करून पावसात उभा राहू शकतो. पण तेच घोंगडे धुण्यासाठी पाण्यात घालून ठेवले की ते पाणी पिऊन इतके जड होते की उचलावयास दोन माणसे लागावीत, आणि वाळावयास कडक ऊन लागावे. मग जो तो म्हणतो, उद्या पाहू. आमच्या मते या रेंगाळण्यातून तो वाक्प्रचार रूढ झाला असावा. लिहिणाऱ्यांनी तो सरकारी कामांस लावला यात घोंगड्याचा काही दोष नाही.

धनगर आणि सनगर यांचा संबंध हा केवळ माल विकणारा व घेणारा एवढाच नव्हता. वडीलधारी मंडळी सांगतात की, लोकरीचा व्यवहार वर्षानुवर्षे ठराविक घरांशी चाले. कधी रोखीने, कधी धान्याने, कधी विणून दिलेल्या घोंगड्याच्या बदल्यात. धनगराचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा फिरता तळ, दसरा-दिवाळीनंतर चाऱ्यासाठी दूर निघून जाई, काही पुण्याकडे, काही घाट उतरून कोकणात. आणि पावसाच्या तोंडावर परत येई. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत, कारण एका रात्रीत रानाला खत मिळे. त्याबद्दल धनगरास ज्वारी-बाजरी मिळे. म्हणजे पाहा, एकाच कळपातून शेतकऱ्यास खत, धनगरास धान्य, विणकरास लोकर आणि सर्वांस पांघरूण मिळे. असे हे चक्र. त्यातील एक आरा निखळला की सारेच चाक डगमगावयाचे, आणि पुढे तसेच झाले. जाता जाता एक गोष्ट सांगावयास हवी. धनगरांतील खुटेकर शाखेचे लोकही घोंगडी विणीत आले आहेत. कोणाचा माग आधीचा यावर पूर्वी वाद झाले असतील. त्या वादात शिरण्यात आम्हांस लाभ दिसत नाही; एका लोकरीच्या दोन विणकरांत भाऊबंदकी नसती तरच आश्चर्य.

या प्रदेशाचा राजकीय इतिहास मोठा आहे, पण येथे त्याचा धावता उल्लेख पुरे. पंढरपूरच्या परिसराचे नाव सांगणारा 'पांडरंगपल्ली' ताम्रपट विद्वान सुमारे इ. स. ५१६ चा मानतात. तो देणारे राष्ट्रकूट घराणे मानपूरचे, आणि हे मानपूर म्हणजे माण परिसर असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत आहे. शिवपूर्वकाळात मालोजीराजे भोसले यांनी शिखर शिंगणापूर येथे यात्रेकरूंसाठी तलाव बांधला. राजघराण्याची या मुलखातील पहिली मोठी आठवण किल्ल्याची नसून पाण्याची आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १६९७ मध्ये सेनापती संताजी घोरपडे याच शंभुमहादेवाच्या डोंगरात म्हसवडच्या नागोजी मान्याच्या हातून मारले गेले. १७५० मध्ये सांगोल्यास झालेल्या कराराने छत्रपती रामराजांचा राज्यकारभार पेशव्यांच्या हाती गेला. पुढे आटपाडीचा भाग औंध संस्थानात राहिला. त्या छोट्या संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेस स्वराज्याची घटना दिली, आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतीवाचून शेतीवर ठेवण्याचा प्रयोग केला. त्यावरून स्फुरलेला 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मातीतले, आणि माणदेशी माणसांस मराठी साहित्यात कायमचे स्थान मिळवून देणारे त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर हेही. 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आणि 'बनगरवाडी' १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली नसेल त्या ज्ञातिबांधवांनी अवश्य वाचावी. मेंढपाळांच्या वस्तीवर दुष्काळ कसा उतरतो हे त्यात आहे, आणि मेंढरू गेले की विणकराच्या घरी काय होते हे वाचकाने स्वतःच ओळखावयाचे आहे.

लढाया आणि करार यांपेक्षा या मुलखाचा खरा इतिहास दुष्काळांनी लिहिला आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेस खुली केल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. १६३० चा दुष्काळ, १८७६-७७ चा, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे एकामागून एक घाव पडत गेले. यांपैकी १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनेत, आणि त्यातही आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अत्यंत तीव्र होता. दुष्काळात माणूस धान्याअभावी मरतो, पण त्याच्याही आधी जनावर चाऱ्याअभावी मरते. मेंढ्या मेल्या वा कवडीमोलाने विकल्या गेल्या की पुढील तीन-चार वर्षे लोकर नाही. शेतकऱ्यास पुढच्या पावसाबरोबर पेरता येते. विणकरास कळप वाढेपर्यंत थांबावे लागते. हा फरक बारीक आहे, पण आपली किती घरे गाव सोडून निघाली याचे कारण त्यातच आहे.

आणि निघून जावयाचे कोठे? त्याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापुरात जुनी गिरणी म्हणून पुढे प्रसिद्ध झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली. पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या. डोंगरातून उतरलेल्या माणसास शहरात मजुरी होती, रोज ठरलेली होती, आणि सूत हे त्याच्या हातास नवे नव्हते. फक्त लोकरीऐवजी कापूस आला. आपल्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांचे शहरातील पाऊल या वाटेने पडले. पुढे सोलापुरी चादर देशभर गेली. तिच्या कीर्तीत आपल्याही पूर्वजांच्या हातांचा वाटा आहे, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. मात्र त्या चादरीने घोंगड्याची जागा घेतली हेही तितकेच खरे. पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. ज्यांच्या आज्याने माग सोडून गिरणी धरली, त्यांच्या नातवाच्या हाती गिरणीही राहिली नाही.

गावी जे राहिले ते देवाच्या आणि बाजाराच्या आधाराने राहिले. या डोंगराळ मुलखातील देव पाहावेत. शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव तीन हजार फुटांहून उंच डोंगरावर. चैत्रात सासवडहून भुतोजी तेल्याची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने वर येते, आणि त्या पाण्याने देवास स्नान घातले जाते. कोरड्या डोंगरावरील देवास भक्ताने दुरून पाणी खांद्यावर वाहून न्यावे, यापेक्षा या मुलखाची ओळख अधिक नेमकी कोणत्या सोहळ्यात होईल? म्हसवड व खरसुंडी येथे सिद्धनाथ. म्हसवडचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस निघतो. धनगरांचा बिरोबा, आणि आपल्याच जिल्ह्यातील हुलजंतीचा महालिंगराया, जेथे दिवाळीच्या अमावास्येस पालख्यांच्या भेटी होतात. या साऱ्या ठिकाणी घोंगडे ही नुसती पांघरावयाची वस्तू नाही. देवापुढे बसावयाचे ते घोंगड्यावर, पाहुण्यास मान द्यावयाचा तो घोंगडे अंथरून. ढोल, भंडारा, ओव्या आणि घोंगडे ही या दैवतांची सामग्री होय. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन पंडिताने या धनगरी दैवतांच्या अभ्यासात आपले आयुष्य वेचले, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचे मूळही गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. हा निष्कर्ष सर्वांनाच मान्य होईल असे नाही. पण विटेवरील देवाच्या पूर्वेतिहासात मेंढरांची वाट आहे असे एखादा थोर संशोधक म्हणतो, तेव्हा ती वाट आपल्या मागापासूनही फार दूर नाही असे आम्हांस वाटून जाते.

आता वर्तमानाकडे वळू. पाण्यासाठी या मुलखाने फार वाट पाहिली. इंग्रजी अमदानीत म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव झाला, त्याचे पाणी आटपाडी व सांगोल्याच्या काही गावांस मिळाले. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडीत राहिली. १९९३ पासून आटपाडीस पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्यासारख्या नेत्यांनी दुष्काळी तालुक्यांस कृष्णेचे पाणी मिळावे म्हणून चळवळ उभारली. गणपतराव १९६२ मध्ये प्रथम आमदार झाले, अकरा वेळा निवडून आले, आणि २०२१ मध्ये निवर्तले. कऱ्हाडजवळून कृष्णेचे पाणी उचलणारी टेंभू योजना १९९६ साली हाती घेतली गेली, आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याविषयी वर सांगितलेलाच वाक्प्रचार लोकांच्या तोंडी राहिला. अखेर पाणी टप्प्याटप्प्याने आटपाडी-सांगोल्याच्या भागांत पोचू लागले.

पाण्याच्या आधीच ठिबकाच्या बळावर येथे डाळिंब आले होते. मुरमाड जमीन आणि कोरडी हवा, जी आजवर शाप मानली गेली, तीच डाळिंबास मानवली. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. तेल्या रोग, मर रोग आणि अलीकडे खोडकिडा यांनी कित्येक बागा उद्ध्वस्त केल्या हेही खरे, परंतु शेतकऱ्यास एक वाट सापडली. या सुधारणेबद्दल आम्ही खेद करणार नाही. ज्यांनी दुष्काळ पाहिला नाही त्यांनीच मुरमाच्या सौंदर्याचे गोडवे गावेत. मात्र एक परिणाम सांगणे प्राप्त आहे. बाग आली की कुंपण आले, आणि कुंपण आले की मेंढरांची वाट बंद झाली. माळ कमी झाले तसे कळप कमी झाले, आणि जे राहिले त्यांची जातही बदलू लागली. जत तालुक्यातील माडग्याळ येथील मेंढी अंगाने मोठी, उंच, नाकाड. मांसास तिला भाव उत्तम. पण तिच्या अंगावर लोकर फार थोडी. मेंढपाळास आज पैसा मांसात मिळतो, लोकरीत नाही. मग त्याने माडग्याळ का पाळू नये? दुसऱ्या बाजूने पानिपतची जुन्या कपड्यांच्या धाग्यांची स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्यांची रंगीत पांघरुणे खेड्यापाड्यांच्या बाजारात भरली. परिणामी ज्या लोकरीसाठी एके काळी विणकर धनगराच्या वाड्यापर्यंत चालत जाई, ती आज पुष्कळ ठिकाणी कातरण्याची मजुरीही भरून देत नाही. कातरून झाल्यावर ती रानातच टाकून देतात.

ही गोष्ट आम्हांस फार बोचते. सूत काढणारी म्हातारी राहिली नाही, म्हणून विणकर बसला. विणकर बसला, म्हणून लोकरीस गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही, म्हणून लोकर रानात. इकडे शहरांत काही मंडळी हातमागाच्या घोंगड्याची आवर्जून चौकशी करू लागली आहेत, आणि तरुणांपैकी कोणी कोणी ते दूरवर विकूही लागले आहेत. मागणी लहान आहे, पण आहे. ती पुरी करण्यास आपल्यापैकी किती घरांत आज माग शाबूत आहे?

म्हणून आमची ज्ञातिबंधूंस व भगिनींस विनंती आहे. ज्यांच्या माडीवर वा गोठ्यात जुना माग, धोटा, फणी, खळीचे भांडे, कुंचला असे काही पडून असेल त्यांनी ते मोडीत घालू नये. आपल्या सभेच्या कार्यालयात कळवावे. ज्यांच्या घरी जावळाचे घोंगडे असेल त्यांनी ते कोणी विणले, कोणत्या गावी विणले, लोकर कोणत्या वाड्यावरची होती, एवढे लिहून पाठवावे. वस्तू नसली तरी शब्द असतील. सांगोला, आटपाडी, म्हसवड, मंगळवेढे, पंढरपूर या बाजूच्या वृद्ध मंडळींनी मागाच्या प्रत्येक भागास आपल्या गावी काय म्हणत ते सांगावे, आणि लेकी-सुनांनी ते उतरून घ्यावे. एकाच भागास दोन गावी दोन नावे निघाली तर दोन्ही पाठवावीत. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत ती गावाच्या नावासह छापण्याचे आम्ही योजिले आहे.